केनियात ‘फिंच’ बघायचेत? आधी घराणं विचारा

नाशिकच्या एका जोडप्याचा प्रश्न आहे: मे महिन्यात दहा दिवस केनियाला येतोय. सिंह-हत्ती गाडीवाला दाखवेलच, पण आम्हाला छोटे पक्षी बघायचेत. नांदूरमध्यमेश्वरला वर्षानुवर्षं जातो, मुनिया, सुगरण, भारीट ओळखतो. केनियाची यादी उघडली आणि डोकं गरगरलं. वॅक्सबिल, फायरफिंच, व्हिडा, बिशप, सीडईटर... यातले फिंच नेमके कुठले? आणि ते सगळे एकसारखे दिसणारे तपकिरी पक्षी, त्यांचं काय करायचं?

मी वीसेक वर्षं नैरोबीत आहे आणि माझ्या बऱ्याचशा सकाळी त्या तपकिरी पक्ष्यांपायीच गेल्यात. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी ‘फिंच’ हा शब्द बाजूला ठेवा. त्याच्याइतका फसवा शब्द दुसरा नाही. पुण्या-मुंबईच्या दुकानात ‘फिंच’ म्हणून जो विकतात तो बहुतेक वेळा झेब्रा फिंच असतो, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. शेजारच्या पिंजऱ्यातला ‘बंगाली फिंच’ बंगालचा नाहीच. पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून चीन-जपानकडे माणसाळवलेली ती जात आहे. शास्त्रज्ञही या घोळातून सुटले नाहीत. केनियात जागोजागी दिसणाऱ्या, लाल गालाच्या निळ्या कॉर्डन-ब्ल्यूचं नाव जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७६६ मध्ये ‘बेंगालस’ ठेवलं. पक्षी अस्सल आफ्रिकेचा, बंगाल त्याच्या सात पिढ्यांनी पाहिला नाही. उलट आपल्या लाल मुनियेच्या नावातलं ‘अमांदावा’ म्हणजे खरोखरच अहमदाबाद. पूर्वी तिथून हे पक्षी पिंजऱ्यांतून परदेशी जायचे. गंमत म्हणजे आफ्रिकेतला झेब्रा वॅक्सबिलही त्याच ‘अमांदावा’ प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, मोडतो. अहमदाबाद न बघता तिचं आडनाव लावून इथल्या ओलसर गवतात फिरतो बिचारा.

शास्त्राच्या हिशेबानं खरे फिंच म्हणजे कॅनरी आणि सीडईटर. पिवळे किंवा रेघारेघांचे, गाणारे. लिमुरूच्या चहामळ्यांकडे किंवा अ‍ॅबरडेअर डोंगरांच्या थंडीत कुंपणावर बसून मोठ्यानं गाणारा, छातीभर रेघा आणि डोळ्यावर ठळक फिकट भुवई असलेला पक्षी दिसला तर तो स्ट्रीकी सीडईटर. अगदी साधा दिसतो, पण खरा फिंच तो. तुम्ही ज्यांची चित्रं बघून भाळला आहात ते लाल-निळे-जांभळे चिमुकले जीव मुनियांच्या घराण्यातले. बिशप, विडोबर्ड, क्वेलिया हे सुगरणीचे भाऊबंद. जाड टोकदार चोच सगळ्यांना आहे, कारण बी फोडून खायचा धंदा सगळ्यांचा एकच. चोचीवरून धंदा कळतो, घराणं नाही. घराणं कळायला पक्षी काय करतो, कुणाबरोबर असतो आणि घरटं कसं बांधतो ते बघावं लागतं. मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी एवढंच सांगतो आणि रंगांचं पुस्तक पिशवीत ठेवायला लावतो.

मुनिया तुम्हाला येतात, म्हणजे निम्मं काम झालं. आपली चांदीची मुनिया आठवा, फिकट तपकिरी, टोकदार काळी शेपूट, झुडपात एकमेकींना चिकटून बसणारी. तिची सख्खी बहीण आफ्रिकन सिल्व्हरबिल इथे कोरड्या भागात मिळते. उडताना पाठीमागून बघा: आपलीचा शेपटीवरचा भाग पांढरा, हिचा काळा. नैरोबीच्या बागांत मात्र जास्त भेटेल ती ब्राँझ मॅनिकिन, काळ्या डोक्याची, ठेंगणी, पाच-दहांच्या टोळीत. ही टोळी रात्री झोपायलासुद्धा घरटं बांधते. संध्याकाळी सहाच्या सुमारास तोंडात गवताची काडी घेऊन जाणारी मॅनिकिन दिसली तर लगेच ‘वीण चालू आहे’ असं वहीत लिहू नका, अंथरूण घालायचं काम चालू असू शकतं.

आता एक दृश्य सांगतो. नैरोबीहून मगाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओलोर्गेसायली म्हणून जागा आहे. आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडींसाठी प्रसिद्ध, पण पक्षीवाले तिथे जातात ते काटेरी झुडपांसाठी. एकदा दुपारी दहा मिनिटं सावलीत टेकलो होतो. समोरच्या बाभळीच्या आडव्या फांदीवर निळ्या डोक्याचा कॉर्डन-ब्ल्यू. नराचं अख्खं डोकं आकाशी निळं, गालावर लाल ठिपका नाही. लाल गालवाल्यापासून हीच त्याची खूण. चोचीत वीतभर लांबीची वाळली काडी, एका टोकाला धरलेली. मान वर करून तो गात होता आणि प्रत्येक ठेक्याला अंग वर-खाली. काडी झेंड्यासारखी हलत होती. बाजूला मादी, तिच्याही चोचीत काडी. मला ते वर-खाली होणं म्हणजे साध्या उड्या वाटल्या. पुढे २०१५ मध्ये जपानी आणि जर्मन संशोधकांनी याच जातीचं सेकंदाला ३०० चौकटींच्या वेगानं चित्रण प्रसिद्ध केलं, तेव्हा कळलं की एकेका उडीत पाय फांदीवर अनेक वेळा आपटतात. टॅप डान्सच, डोळ्याला न दिसणारा. नर-मादी दोघंही करतात. फांदीची थरथर जोडीदाराच्या पायाला पोचत असणार. तेव्हापासून कॉर्डन-ब्ल्यू दिसला की मी आधी तो कसल्या फांदीवर बसलाय ते बघतो.

त्याच झुडपात नशीब असेल तर पर्पल ग्रेनेडियर. डोकं दालचिनीच्या रंगाचं, पोट जांभळं-निळं, चोच लाल. जमिनीवर, झुडपाच्या बुंध्याशी टिपत असतो, म्हणून लोक वर बघत राहतात आणि हा पायाशी राहून जातो.

नैरोबीच्या कडेच्या ओलसर गवतात साधा वॅक्सबिल भेटेल: लाल मेणासारखी चोच, डोळ्यावरून लाल पट्टा, अंगावर बारीक आडव्या रेषा. याचं घरटं जमिनीलगत असतं आणि त्यात हा मांसाहारी प्राण्याची वाळकी विष्ठा आणून ठेवतो. दक्षिण आफ्रिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशी विष्ठा ठेवलेली घरटी शिकाऱ्यांच्या तडाख्यातून जास्त वाचली. घाण दिसली म्हणून घरटं सोडून दिलेलं समजू नका.

इथून पुढे गोष्ट खरी रंगते, कारण या मुनियांच्या जिवावर जगणारं एक घराणं आहे: व्हिडुआ. यात व्हिडा आणि इंडिगोबर्ड दोन्ही येतात (मगाचा विडोबर्ड वेगळा, तो सुगरणीकडचा). व्हिडाचा उच्चार स्थानिक मंडळी जवळजवळ पानाच्या विड्यासारखाच करतात. लॅटिनमध्ये ‘विदुआ’ म्हणजे विधवा. आपला शब्द आणि तो एकाच मुळातले. नराच्या लांब काळ्या शेपटीला युरोपीय लोकांनी विधवेच्या काळ्या वस्त्राची उपमा दिली. नर पक्ष्याला, तेही आठ-दहा माद्यांमागे हिंडणाऱ्याला, विधवा म्हणणं ही कल्पना ज्याला सुचली त्याला नमस्कार.

हे घराणं घरटं बांधत नाही, मुनियांच्या घरट्यात अंडी घालतं. कोकिळेची उसनवारी आपल्याला माहीत आहे, पण इथे दोन गोष्टी निराळ्या. काही कोकिळकुळातली पिल्लं यजमानाची अंडी बाहेर ढकलतात; व्हिडुआचं पिल्लू तसं काही करत नाही, यजमानाच्या पिल्लांबरोबर गुण्यागोविंदानं वाढतं. आणि प्रत्येक जातीचं सासर ठरलेलं. पिन-टेल्ड व्हिडाचा साधा वॅक्सबिल. गवती शेपटीच्या स्ट्रॉ-टेल्ड व्हिडाचा पर्पल ग्रेनेडियर. पॅराडाइज व्हिडाचा ग्रीन-विंग्ड पिटिलिया. व्हिलेज इंडिगोबर्डचा लाल चोचीचा फायरफिंच.

या शेवटच्या जोडीवर जरा थांबतो, कारण ती बारिंगो सरोवराकाठच्या कुठल्याही मुक्कामाच्या अंगणात तुम्हाला दिसेल. फायरफिंच माणसाला बुजत नाही. तुम्ही नाश्ता करत असताना टेबलाखाली येईल, चिमणीहून बराच लहान, नर लालभडक, छातीच्या कडेला पाच-सहा पांढरे ठिपके, डोळ्याभोवती पिवळी कड. आता मान वर करा. जवळच्या सर्वांत उंच वाळक्या फांदीच्या शेंड्यावर निळसर काळा, चकचकीत, पांढरी चोच, नारिंगी-लाल पाय. तो इंडिगोबर्ड. किनारपट्टीला त्याचीच चोच लाल असते. डोळे मिटून त्याचं गाणं ऐका. मधे मधे कर्कश कटकट, ती त्याची स्वतःची. आणि मधेच गोड, चढत जाणाऱ्या शिट्ट्या. त्या फायरफिंचच्या. लहानपणी ज्या घरात वाढला त्या घरची बोली.

घरट्यात नक्कल आणखी पुढे जाते. मुनियांच्या पिल्लांच्या तोंडात नक्षी असते: टाळूवर काळे ठिपके, चोचीच्या कडांना अंधारात चमकणाऱ्या फुगीर गुठळ्या. आई-बाप ती नक्षी बघून भरवतात. प्रत्येक जातीची नक्षी वेगळी, आणि इंडिगोबर्डच्या पिल्लाच्या तोंडात यजमानाच्या पिल्लाची हुबेहूब उतरलेली. मिशिगन विद्यापीठाच्या रॉबर्ट पेन यांनी या पक्ष्यांवर कित्येक दशकं काम केलं. त्यांनी इंडिगोबर्डची पिल्लं फायरफिंचऐवजी बंगाली फिंचच्या जोड्यांकडे वाढवली, तोच पुण्याच्या दुकानातला. नर मोठे होऊन बंगाली फिंचचं गाणं गाऊ लागले, माद्यांना तसं गाणारेच नर आवडू लागले आणि अंडीही त्या बंगाली फिंचच्या घरट्यात घालू लागल्या. म्हणजे एका पिढीत सासर बदललं. नव्या जाती या रस्त्यानं तयार झाल्या, हे पुढे जनुकांच्या अभ्यासातूनही पुढे आलं. इंडिगोबर्डच्या कितीतरी जाती दिसायला जवळजवळ सारख्या का, याचं कोडंही त्यातच सुटतं: चेहरा नवा व्हायला वेळ लागतो, गाणं एका पिढीत बदलतं.

आता तुमचा खरा प्रश्न, तपकिरी पक्षी. बिशप, विडोबर्ड, क्वेलिया, व्हिडा, इंडिगोबर्ड, सगळ्यांच्या माद्या आणि हंगाम नसताना बहुतेक नर एकाच कापडाचे: मातकट, पाठीवर रेघा, चिमणीसारखे. पहिल्याच वर्षी मी एका गटाला नैरोबीतल्या बागेत वॅक्सबिलांच्या थव्याजवळ बसलेला असा पक्षी ‘चिमणीचं पिल्लू’ म्हणून ठासून दाखवला. बरोबरचे वयस्क केनियन मार्गदर्शक काही बोलले नाहीत. गट पुढे गेल्यावर हळूच म्हणाले, ती वॅक्सबिलांकडे काय बघतेय ते बघ. दहा मिनिटं बघितलं. ती टिपत नव्हती, कुंपणावरून वॅक्सबिल गवतात कुठे शिरतात ते पाहत होती. पिन-टेल्ड व्हिडाची मादी, घरं हेरत होती. मग दुर्बिणीतून बघितल्यावर डोक्यावरचे ठळक काळे-बदामी पट्टे दिसले. चिमणीला ते नसतात. आधी दिसायला हवे होते, पण मी नाव ठरवून मोकळा झालो होतो.

तेव्हा खुणा अशा. डोक्यावर झेब्र्यासारखे ठळक पट्टे आणि अंग बारीक, तर व्हिडुआ घराणं. आसपास कुठली मुनिया आहे ते बघा, बहुतेक वेळा तीच जात सांगते. चोच लाल आणि थवा मोठा, तर क्वेलिया. क्वेलियाच्या मादीची चोच विणीच्या दिवसांत पिवळी होते, त्यात भले भले फसतात. अंग गुटगुटीत, शेपूट आखूड, तर बिशप. यलो बिशपचा नर बिनहंगामातही कंबरेवरचा पिवळा रंग सोडत नाही आणि बऱ्याच विडोबर्डचे नर पंखाच्या खांद्यावरचा पट्टा राखून असतात, म्हणून पक्षी उडेपर्यंत थांबा. एवढं करूनही नाव लागलं नाही तर ‘तपकिरी, मादी’ लिहून पुढे जा. मी आजही लिहितो.

सुदैवानं तुम्ही मे महिन्यात येताय. मार्च ते मे इथला मोठा पाऊस, गवत कमरेएवढं, नर पूर्ण वेषात. मसाई मारा आणि नैरोबी राष्ट्रीय उद्यानातली जमीन आपल्यासारखीच काळी. गाडी रुतली की काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. पण त्या चिखलाच्या बदल्यात जॅक्सन्स विडोबर्ड मिळेल. गवताळ माळावर काळे ठिपके चेंडूसारखे वर उडताना दिसले की गाडी थांबवायला सांगा. प्रत्येक नर गवत तुडवून स्वतःचं गोल अंगण करतो, मधोमध एक झुबका ठेवतो आणि त्याच्याभोवती दोन-तीन फूट उंच उड्या मारतो. डोकं मागे, शेपूट कमानीसारखी पुढे वळलेली. शंभर पावलांच्या टापूत डझनभर नर आणि कडेनं निवांत चरणाऱ्या चार माद्या, ज्यांचं त्यांच्याकडे लक्षही नाही असं वाटतं.

लक्ष असतं. अ‍ॅबरडेअरच्या पायथ्याशी किनांगोपचं थंड पठार आहे. तिथे माल्टे अँडरसन या स्वीडिश शास्त्रज्ञानं लांब शेपटीच्या विडोबर्डवर केलेला प्रयोग १९८२ मध्ये छापून आला. नराची शेपूट अर्धा मीटरभर. त्यानं ३६ नर धरले, काहींची शेपूट कापून १४ सेंटिमीटर केली आणि तो तुकडा चिकटद्रव्यानं दुसऱ्यांना जोडला. काहींची कापून परत होती तेवढीच जोडली, काहींना हात लावला नाही. लांब केलेल्यांच्या हद्दीत जास्त माद्यांनी घरटी केली. मादीच्या आवडीमुळे नराचा पिसारा वाढतो, ही डार्विनची कल्पना रानात तपासून दाखवणारा हा प्रयोग आज जगभर शिकवला जातो. किनांगोपचं ते गवत मात्र आता बटाटा-कोबीच्या शेतांत बरंच गेलंय. रस्त्यावरून जाताना उरलेल्या कुरणांत बघत राहा.

सुगरणीची मंडळी घरट्यावरून लागतात. नैरोबीत बाभळीवर पिवळ्या पक्ष्यांचा गोंगाट आणि पंधरा-वीस घरटी, तर बहुधा स्पीक्स विव्हर. बागेत एकटी जोडी, काळी पाठ, पोट पिवळं, तर बॅगलाफेक्ट विव्हर. आपल्या सुगरणीसारखी लांब नळी आणि घरटं एकटंच, तर स्पेक्टॅकल्ड. बारिंगोच्या वाटेवर झाडाच्या एकाच बाजूला गवताचे विसकटलेले गठ्ठे लटकलेले दिसतील. कुणीतरी पेंढा फेकला असावा असे. ते व्हाइट-ब्राउड स्पॅरो-विव्हरचे, आणि सगळे वाऱ्याच्या पाठच्या बाजूला. झोपायच्या गठ्ठ्यांना दोन दारं असतात, अंडी घालायची झाली की एक बुजवतात.

क्वेलियाबद्दल दोन शब्द, कारण कुणी ना कुणी ‘तो टोळधाडीसारखा पक्षी’ म्हणून विचारतंच. जगातला संख्येनं सर्वांत मोठा रानपक्षी म्हणून त्याचं नाव घेतात. अंदाज दीड अब्जापर्यंत जातात. एक पक्षी दिवसाला सुमारे १० ग्रॅम दाणे खातो, मग लाखाचा थवा म्हणजे रोजचा एक टन. २०२३ च्या जानेवारीत किसुमूकडच्या भातशेतीवर साठ लाखांच्या आसपास क्वेलिया उतरले म्हणून सरकारनं फेंथिऑन हे विषारी औषध फवारायला घेतलं. दुष्काळानं रानातलं गवताचं बी संपलं की ते शेताकडे वळतात. फवाऱ्यात मेलेले क्वेलिया घार, गरुड खातात आणि विष पुढे जातं, म्हणून पक्षीवाल्यांचा त्याला विरोध असतो. मला दोन्ही बाजू कळतात. ज्वारीच्या माळ्यावर गोफण घेऊन उभं राहिलेल्या माणसाच्या घरात मी वाढलोय. भातावर दिवसभर डबे वाजवणारी इथली पोरं बघून मला ‘बिचारे पक्षी’ एवढंच म्हणता येत नाही. तुम्हाला ते दिसले तर थवा जमिनीवरून कसा सरकतो ते बघा: मागचे उडून पुढच्यांच्या पुढे उतरतात, परत मागचे उडतात, आणि अख्खा थवा चाकासारखा गडगडत पुढे जातो.

दहा दिवसांत मी काय करेन? पहिला दिवस नैरोबीतच, हॉटेलच्या बागेत. लोक तो फुकट घालवतात. एखादी सकाळ ओलोर्गेसायली, उन्हं चढायच्या आत. बारिंगोला दोन रात्री, एक नको, कारण जायलाच पाच-सहा तास लागतात. मारा तर तुमच्या कार्यक्रमात असेलच. किनाऱ्याला जाणार असाल तर अराबुको-सोकोके जंगलात क्लार्क्स विव्हर विचारा. केनियाच्या एका किलिफी जिल्ह्यापलीकडे तो जगात कुठेही नाही. त्याचं नाव १९१३ मध्ये पडलं आणि घरटी सापडायला २०१३ उजाडलं, जवळच्या डकाचा भागातल्या एका पाणथळीत. दिसेलच असं नाही. मला चार खेपांत एकदा दिसला.

गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा की तुम्हाला ‘न्देगे वादोगो’, छोटे पक्षी हवेत. नुसतं ‘न्देगे’ म्हणालात तर विमानतळाचा रस्ता धरायचा. स्वाहिलीत विमानालाही तोच शब्द. मुक्कामी गळका नळ कुठे आहे ते विचारा. बी खाणाऱ्याला पाणी लागतंच, आणि कोरड्या भागात दुपारी अकरानंतर त्या नळाशी जितके वॅक्सबिल येतात तितके तीन तास पायपीट करून दिसत नाहीत. परत गेल्यावर तपकिरी पक्ष्यांचे फोटो नावं लावायला माझ्याकडे पाठवणार असाल तर खुशाल पाठवा. फक्त प्रत्येकाखाली लिहा की तो बसला होता तेव्हा शेजारी कोण होतं.